इथिओपिया कोणत्या प्रभागात येतो?

जुळे सोलापुरात कुणी ‘मुलगा बाहेर असतो’ म्हटलं की ऐकणारा एवढंच विचारतो, न्यू जर्सी की टेक्सास? पुण्याला असेल तर त्याला बाहेर म्हणायची पद्धत नाही. पुण्याला असणं म्हणजे घरीच असणं, फक्त मळके कपडे बॅगेत घालून अधूनमधून येणं. त्यामुळे महेश्वर बिराजदारांनी पहिल्यांदा जेव्हा सोसायटीत सांगितलं की आमचा सोमलिंग इथिओपियाला लागला, तेव्हा समोरच्या माणसाने त्यांचा हात मयताला आल्यासारखा दोन्ही हातांत धरला आणि ‘होईल सगळं नीट’ असं म्हणून हळूच थोपटला.

वास्तविक सोमलिंग तिथे एका शर्टांच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होता. सोलापूरच्या पोराला कापडातलं कळणारच. पण बिराजदार हे सांगेपर्यंत ऐकणारा लिफ्टमध्ये शिरलेला असे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला लोक आपलं अर्धं वाक्य टाकून निघून जातात याची सवय नसते. तिथे लोक पूर्ण वाक्य ऐकून घेत, कारण सही शेवटी असायची.

सोसायटीत ‘परदेशस्थ पाल्य पालक संघ’ नावाची एक संस्था होती. अध्यक्ष सिद्धनाथ कोळेकर. ते न्यू जर्सीला मुलाकडे दोनदा जाऊन आले होते आणि तेव्हापासून रिक्षाला कॅब म्हणत. संघाच्या खोलीत जगाचा मोठा नकाशा होता आणि ज्याचं पोर जिथे, तिथे एक टाचणी. बिराजदार आपली टाचणी टोचायला गेले तेव्हा कळलं की नकाशाचा उजवा भाग लोखंडी कपाटामागे गेलाय. अमेरिका सबंध दिसत होती. आफ्रिका कपाटामागे होती. कपाट सरकवायचं तर त्यातले पंचवीस वर्षांचे इतिवृत्तांत बाहेर काढावे लागतील, असं कोळेकर म्हणाले आणि त्यांनी ती टाचणी तात्पुरती ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ समुद्रात टोचली. सोमलिंग वर्षभर तिथे तरंगत होता.

त्याच्या बाजूलाच समुद्रात आणखी एक टाचणी होती, ती संस्कृती सुरवसेची. ती व्हिएतनामला बुटांच्या कंपनीत होती. तिचे वडील अभिमन्यू सुरवसे मूळचे जेऊरचे, कृषी खात्यातून निवृत्त झालेले, पलीकडच्या इमारतीत राहायचे. आता एकाच समुद्रात ढकललेल्या दोन बापांची मैत्री व्हावी की नाही? पण बुडणारे दोघं एकमेकांना भेटले की आधी कोण कमी बुडालंय ते बघतात. रोज संध्याकाळी सोसायटीच्या कंपाउंडला फेऱ्या मारताना दोघांचं जुंपायचं. सुरवसे म्हणायचे, आमच्या देशाला एवढा मोठा समुद्रकिनारा हाय, तुमच्या देशाला वाटीभर बी समुद्र न्हाय. बिराजदार म्हणायचे, सोलापूरला तरी कुठं समुद्र आहे, आपलं काय अडलंय? सुरवसे म्हणायचे, तुमच्या खिशातला फोन आमच्याकडं जोडलेला असंल. बिराजदार म्हणायचे, पण कॉफी जगाला आम्ही दिली. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या या दोघांपैकी एकाकडेही पासपोर्ट नव्हता.

जानेवारीच्या मासिक सभेत ज्याचं व्याख्यान होतं ते गृहस्थ ऐनवेळी नातवाला सांभाळायला डॅलसला निघून गेले. रिकामी जागा भरायची म्हणून कोळेकरांनी या दोघांना विचारलं. विचारलं म्हणजे, दोघांनी मिळून एक कार्यक्रम करा असं सांगितलं. छोटे देश आहेत, एकात बसतील, असं त्यांचं म्हणणं होतं. विषयही त्यांनीच ठरवला: ‘दोन विकसनशील देश: समाज, अर्थकारण आणि निसर्ग’. बिराजदारांना ‘विकसनशील’ हा शब्द कोळेकरांच्या तोंडून आवडला नाही. ज्या माणसाच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्याने दुसऱ्याच्या देशाला असं म्हणू नये. पण संधी होती. सुरवसेंच्या शेजारी उभं करून, सगळ्यांच्या देखत, इथिओपिया सरस ठरवायची संधी.

त्यांनी लगेच सोमलिंगला फोन लावला आणि त्या देशाचा समाज कसा आहे ते विचारलं. सोमलिंग म्हणाला, बाबा, मी खोलीवरून कारखान्यात जातो आणि कारखान्यातून खोलीवर येतो, मला देश फार दिसत नाही. मग तो म्हणाला, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. बिराजदार म्हणाले, ते नंतर, आधी डोंगरांची उंची सांग. पुढचे सगळे फोन असेच झाले. पोरगा काहीतरी सांगायला जायचा आणि बाप पर्जन्यमान विचारायचा.

शेवटी त्यांनी मोबाइलवरून स्वतःच सगळं शोधून काढलं. तिथलं वर्ष तेरा महिन्यांचं असतं हे वाचलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. असं काहीतरी व्हिएतनामला असणं शक्य नव्हतं.

सोसायटीने सल्ले द्यायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या बसम्मा आजींचं म्हणणं पडलं की नुसतं बोलून कोण ऐकतंय, काहीतरी खायला ठेवा. हा सल्ला इतका खरा होता की दोन्ही पक्षांनी तो उचलला. इथिओपियात इंजेरा नावाची आंबट, मऊ, जाळीदार भाकरी खातात. ती ज्या धान्याची करतात ते सोलापुरात मिळत नाही, पण तिकडे ज्वारीही वापरतात असं बिराजदारांच्या वाचनात आलं आणि त्यांनी बायकोला, म्हणजे दानेश्वरीताईंना, कामाला लावलं. दानेश्वरीताईंची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि खाताना कुर्रर्र वाजते, अशी ख्याती. त्यांना मऊ भाकरी करा सांगणं म्हणजे तबलजीला हळू टाळी वाजवा सांगण्यासारखं होतं. तरी त्यांनी पीठ भिजवलं. थंडीमुळे ते आंबेना म्हणून पातेल्याला सोलापुरी चादर गुंडाळून ते देवघराच्या बाजूला ठेवलं. उबेने पीठ असं फुगलं की ते झाकण सारून, चादरीतून वाट काढत, फरशीवरून दाराखालून जिन्यात गेलं. वास आधीच गेला होता. वरच्या मजल्यावरून ड्रेनेज तुंबल्याची तक्रार झाली आणि प्लंबर येऊन दोन चेंबर उघडून बघून गेला. दानेश्वरीताईंनी उरलेल्या पिठाचं तव्यावर एक घातलं, उलटं धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाल्या की हे बिघडलेलं घावन आहे, देशाच्या नावावर खपवायचं तर खपवा.

पलीकडे सुरवसेंच्या बनाबाईंनी तांदळाचे पातळ पापुद्रे वाळायला गच्चीवर घातले होते. व्हिएतनामला त्यांत कच्चा पाला गुंडाळून खातात. संध्याकाळी त्या आणायला गेल्या तर पापुद्रे गायब. कुणीतरी कुरडया-पापड समजून तळून खाल्ले होते, आणि वर निरोप ठेवला होता की मीठ घालायला विसरलात. सुरवसे मनातून उखडले, पण बाहेर म्हणाले की बघा, आमच्या देशाचा माल लोक न विचारता उचलतात, ह्याला मागणी म्हणत्यात.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण शहरात महापालिकेच्या निवडणुका लागल्या होत्या, आणि कोळेकरांच्या कानावर आलं की आचारसंहितेत कुठल्याही सभेला परवानगी लागते. परवानगीसाठी एक खिडकी होती. तिथे बिराजदार गेले. स्वतः तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेला माणूस बाहेरच्या बाजूला फार केविलवाणा दिसतो. आतल्या कारकुनाने संगणकाकडे बघत पक्षाचं नाव विचारलं. बिराजदार म्हणाले, पक्ष नाही. कारकुनाने ‘अपक्ष’ भरलं. उमेदवाराचं नाव विचारलं. बिराजदारांनी समजावलं की उमेदवार नाही, इथिओपिया आणि व्हिएतनाम अशी तुलना आहे. कारकुनाने ती दोन्ही नावं उमेदवाराच्या रकान्यात घातली, कारण तो रकाना रिकामा ठेवून संगणक पुढे जात नव्हता.

“इथिओपिया कोणत्या प्रभागात येतो?” त्याने विचारलं.

“आफ्रिकेत येतो की,” बिराजदार म्हणाले.

कारकून सज्जन होता. त्याने भिंतीवरचा प्रभागांचा नकाशा बोट फिरवत मनापासून पाहिला आणि म्हणाला, “नवीन रचनेत दिसत नाही. जुन्या रचनेत असेल.” मग त्याने जुळे सोलापूरचा प्रभाग टाकला, शिक्का मारला आणि फोटो मागितले. इतक्या लवकर काम झालेलं पाहून बिराजदारांना शंका यायला हवी होती. पण आपल्या जुन्या खात्याचा दबदबा अजून आहे असं वाटून ते खुशीत घरी आले.

बॅनर करायला दोघं शुक्रवार पेठेत गेले. ते एकत्र गेले याचं कारण एकमेकांवर विश्वास नव्हता. दुकानदार गड्ड्याच्या यात्रेचे आणि उमेदवारांचे फ्लेक्स छापून अर्धमेला झाला होता. त्याला डाव्या बाजूला हिरवा-पिवळा-तांबडा झेंडा आणि उजव्या बाजूला लाल झेंड्यावर पिवळी चांदणी, एवढंच पाहिजे, असं सांगितलं. तो म्हणाला, फोटो? फोटोशिवाय फ्लेक्स सोलापुरात कुणी लावत नाही, हवेने उडून जातो. दोघांनी नको-नको म्हणत खिशातले फोटो काढून दिले. नको-नको म्हणतानाही बिराजदारांनी आपला अलीकडचा, केस काळे केलेला फोटो निवडला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फाटकावर बॅनर चढला तेव्हा लोक थबकून बघू लागले. दुकानदाराचा हात सवयीने चालला होता. दोघांच्या फोटोंखाली जोडलेले हात होते, तेही दुसऱ्याच कुणाचे, एका मनगटात कडं आणि दुसऱ्यात सोन्याचं घड्याळ. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या हक्काची माणसं’. इथिओपियाचा झेंडा उलटा छापला होता. तो बोलिव्हियासारखा दिसतो हे त्या परिसरात फक्त बिराजदारांना कळलं आणि त्यांच्या काळजात कळ आली. बाकीच्यांचं लक्ष लाल झेंड्याकडे होतं. सोलापुरात लाल बावट्याचा इतिहास मोठा. बसम्मा आजींनी तर गिरणीच्या काळातली एक घोषणाही देऊन पाहिली.

कुणीतरी तक्रारीचा फोन केला. कुणी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी हॉल गच्च भरला, कारण खायला आहे हे पसरलं होतं. नाणेफेक सुरवसेंनी जिंकली. त्यांनी सुरुवात चांगली केली. देश वाकवलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा लांबडा हाय, भात लई पिकतो, माणसं स्कूटरवर आख्खा संसार नेतात, अगदी आपल्यासारखीच. लोक माना डोलावत होते. मग त्यांना उमाळा आला आणि ते म्हणाले की ह्या एवढ्याशा देशानं अमेरिकेला पळवून लावलं. हॉलमध्ये ज्यांची मुलं अमेरिकेत होती ते, म्हणजे जवळजवळ सगळेच, मान डोलवायचे थांबले. आपल्या घरात शिरून कुणी परक्याने सोफा हलवावा तसा चेहरा कोळेकरांनी केला.

बिराजदारांना मनातून गुदगुल्या झाल्या. ते उठले आणि त्यांनी थेट तेरा महिन्यांचं वर्ष काढलं. हॉल पुन्हा जिवंत झाला. समोर बहुतेक निवृत्त मंडळी होती. मागून एकाने विचारलं की मग पेन्शन वर्षातून तेरा वेळा मिळते का? बिराजदारांनी हे वाचलं नव्हतं. पण इतक्या आशेने आपल्याकडे कुणी आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यामुळे ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं ते बोलून गेले. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या, आणि नेमकं त्याच वेळी दारातून आचारसंहितेचं पथक आत आलं.

पथकात एक बाई अधिकारी होत्या आणि त्यांच्यामागे सगळं टिपणारा कॅमेरावाला. बाईंनी परवानगीचा कागद वाचला, टेबलावरच्या परातीत रचलेली आंबट घावनं पाहिली आणि शांतपणे विचारलं, या दोघांतले अपक्ष इथिओपिया कोण? बिराजदारांनी नकळत हात वर केला. मग बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. देश म्हणजे काय, चांदणी हे चिन्ह आहे की नाही, आणि वर्षाला तेरा पेन्शन हे आश्वासन धरायचं की माहिती, यावर बाईंनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं. त्यांचे पाय दुखत असावेत, कारण त्या ऐकता ऐकता पहिल्या रांगेत बसल्या. शेवटी प्रश्न उरला तो परातीचा. मतदारांना खाद्यपदार्थ वाटणं हे प्रलोभन ठरतं. दानेश्वरीताईंनी एक तुकडा बशीत घालून त्यांच्यापुढे धरला. बाईंनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले, बराच वेळ चावला आणि पाणी मागितलं.

“लिहून घ्या,” त्या कॅमेरावाल्याला म्हणाल्या. “हे खाऊन कोणी मत देणार नाही. प्रलोभन नाही.”

हॉल हसला. बिराजदारांना हसू आलं नाही. आपला देश निर्दोष सुटला हे खरं, पण कुठल्या मुद्द्यावर सुटला ते त्यांना लागलं. फाटकावरचे फोटो मात्र झाकायला सांगितले गेले. बॅनरवर दोघांच्या तोंडांवर वर्तमानपत्र चिकटवलं. उरले ते नमस्कार करणारे चार परके हात.

कार्यक्रम संपता संपता लाज राखावी म्हणून बिराजदारांनी ठरलेला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पडद्यावर एका बाजूला सोमलिंग आला, दुसऱ्या बाजूला संस्कृती. कोळेकरांनी अध्यक्ष या नात्याने नमस्कार केला. त्यांच्या मागून कुणीतरी पहिला प्रश्न पेन्शनचाच टाकला. सोमलिंग म्हणाला, “काका, तेरावा महिना पाच-सहा दिवसांचाच असतो.” हॉलमधून असा सुस्कारा आला की पंख्याची पाती हलावीत.

बिराजदार घाईघाईने म्हणाले, “ते जाऊ दे. लोकांना सांग, तुझं तिथं कसं चाललंय.”

सोमलिंग म्हणाला, “बाबा, तेच किती दिवस सांगायलोय. तुम्ही डोंगरच विचारता. कारखान्यातलं आमचं खातं बंद झालं. मला पुढच्या महिन्यात व्हिएतनामला पाठवायलेत.”

बिराजदारांच्या हातातला माइक हळूहळू खाली गेला. नोकरी जाते की राहते या काळजीत पोराने आठवडे काढले होते आणि आपण त्याला सरासरी तापमान विचारत होतो, हे त्यांना तिथे, पथकाच्या कॅमेऱ्यासमोर कळलं. पहिल्यांदा बोलल्या त्या दानेश्वरीताई. त्यांनी विचारलं, जेवलास का? सोमलिंग म्हणाला, जेवलो. मग संस्कृतीने विचारलं, कुठल्या शहरात येणार? त्याने नाव सांगितलं. ती म्हणाली की तिचं घर तिथून तासाभरावर आहे, तूरडाळ कुठे मिळते ते ती सांगेल, आणि खोली कुठल्या भागात घेऊ नये तेही. सोमलिंगने स्कूटर घ्यावी का विचारलं. दोघं पडद्यावर दोन देशांतून बोलत राहिले आणि खाली बसलेल्या दोन बापांकडे कुणाचंच लक्ष उरलं नाही. पथकाच्या बाईसुद्धा तूरडाळीचा पत्ता ऐकूनच उठल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिराजदार फेऱ्यांना उतरले ते तयारीनिशी. दुपारभर बसून त्यांनी व्हिएतनाम वाचून काढला होता. सुरवसे भेटताच त्यांनी सुरुवात केली, की भाताचं उत्पादन बघा, निर्यात बघा, माणसं किती कष्टाळू आहेत. त्यांना वाटलं सुरवसे खूश होतील. निदान हार मान्य केल्याचा आनंद तरी घेतील. पण सुरवसेंनी चालायचा वेग वाढवला. वर्षभर एकट्याने सांभाळलेला देश असा आयता कुणी अर्धा मागितला की माणूस तो चटकन सोडत नाही.

मग पाण्याच्या टाकीशी थांबून ते म्हणाले, “वादळं लई येत्यात तिकडं. तुमच्या इथिओपियाचं तसं न्हाय. उंचावर हाय. हवा कशी थंडगार.”

बिराजदारही थांबले. इथिओपियाबद्दल कुणी चांगला शब्द काढावा म्हणून त्यांनी सबंध वर्ष वाट पाहिली होती. आणि तो शब्द आला तेव्हा त्यांना त्याचा असा राग आला की ते म्हणाले, “हवेनं पोट भरतंय का, सुरवसे? शेवटी उद्योगधंदा बघावा लागतो.”

“धंदा काय, आज हितं, उद्या तितं. कुणाचा गुलाम झाला न्हाय त्यो देश, हे बघा की,” सुरवसे म्हणाले.

कंपाउंडच्या बाकावर दानेश्वरीताई आणि बनाबाई बसल्या होत्या. जेऊरहून हुरडा आला होता, त्याची पिशवी दोघींच्या मध्ये होती. टाकीपाशी आवाज चढले तसं बनाबाईंनी मान वळवून विचारलं, आता काय बिनसलं म्हणं ह्यांचं?

दानेश्वरीताईंनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. “काही नाही,” त्या म्हणाल्या. “देशांची अदलाबदल झालीय. बाकी तेच.”

टाकीपाशी दोघांनी आणखी एका फेरीला सुरुवात केली. बनाबाईंनी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि चटणीची पुडी सोडली.